क्लॅरोनेटच्या तोंडाशी

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी दिलेला विषय होता 'वस्तू आणि तिचं द्रव्य'. एखादी वस्तू जशी वागते ती आकारामुळे की ज्यापासून ती बनली त्या पदार्थामुळे, एवढाच प्रश्न त्यांनी पाठवला होता. मी त्यासाठी क्लॅरोनेटचं माउथपीस निवडलं. वादक ओठांत धरतो तो हा तुकडा, जेमतेम नऊ सेंटिमीटर लांबीचा. क्लॅरोनेटची काळी नळी, तिच्यावरच्या चकचकीत चाव्या, पुढचा भोंगा हे सगळं मिरवणुकीत लोकांना दिसतं. हा तुकडा वाजताना थोडा तोंडात जातो आणि उरलेल्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. आवाज गोड लागणार की कर्कश, याचा बराचसा निकाल मात्र तिथेच लागतो. तो आकारामुळे लागतो की द्रव्यामुळे, यावर युरोप-अमेरिकेतले वादक आणि कारागीर पिढ्यान्‌पिढ्या वाद घालत आले आहेत. आपल्याकडे हा वाद फारसा कानावर येत नाही. क्लॅरोनेट मात्र आपल्याकडे भरपूर वाजतं.

श्रावणातली तालीम

पुण्यात गणपतीआधीचे आठवडे म्हणजे बँडच्या तालमींचे दिवस. प्रभात, दरबार, न्यू गंधर्व ही नावं विसर्जन मिरवणूक पाहिलेल्या प्रत्येकाच्या ओळखीची आहेत. त्यांच्याखेरीज पेठांमधून आणि उपनगरांतून कितीतरी लहान बँड आहेत. अशाच एका बँडच्या खोलीत मी जाऊन बसू लागले. भिंतीला खिळ्यांवर लाल कोट, कोपऱ्यात उलटे ठेवलेले ढोल, बाहेर सतत भुरभुर पाऊस. ट्रंपेट आणि युफोनियमचा आवाज त्या खोलीत मावत नव्हता. त्यातूनही एक सूर वेगळा, माणसाच्या गळ्यासारखा, वर तरंगत होता. बँडमध्ये गाण्याचे शब्द 'म्हणायचं' काम क्लॅरोनेटचं असतं. पितळी वाद्यं भरणा करतात, तालवाद्यं पाय उचलायला लावतात आणि रस्त्याच्या कडेला उभी असलेली आजी ज्या ओळीवर मान डोलावते ती ओळ क्लॅरोनेटमधून येते.

इथले मास्तर साठीच्या पुढचे. त्यांनी नाव छापू नका म्हणून सांगितलं, म्हणून मी त्यांना मास्तरच म्हणते. तालीम संपल्यावर त्यांनी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला. आत फडक्यांत गुंडाळलेली माउथपीस. काही काळी कुळकुळीत, काही हिरवट-तपकिरी पडलेली, एक काचेचं, आणि दोन-तीन हलकी प्लॅस्टिकची, नवीन वाद्याबरोबर फुकट येतात तशी.

"ताई, नळी कुणाचीही द्या," ते म्हणाले, "तोंड मात्र माझं पाहिजे."

मग त्यांनी मला भिंतीकडे तोंड करून बसवलं. नळी तीच, रीड तीच, भैरवीतली एक सुरावटही तीच. बदलत होतं ते फक्त माउथपीस. एक आवाज ताबडतोब ओळखू आला. तो पातळ होता, कडेला चिरकणारा, आणि वरच्या सप्तकात शिट्टी फुटेल की काय अशी धास्ती वाटायला लावणारा. बाकीचे तीन मला एकाच घराण्यातले वाटले. वळून पाहिलं तर त्या तिघांत एक काचेचं होतं, एक जुन्या एबोनाइटचं आणि एक प्लॅस्टिकचं. चिरकणारंही प्लॅस्टिकचंच. दोन्ही प्लॅस्टिकची एकाच दुकानातून, एकाच खोक्यातून आलेली. फरक इतकाच, की एकाला मास्तरांनी स्वतः घासून सारखं केलं होतं आणि दुसरं कारखान्यातून आलं तसंच होतं.

फट, कडा आणि छत

हे असं का होतं ते समजायला माउथपीस उलटं धरून पाहावं लागतं. एका बाजूला त्याचा आकार चोचीसारखा निमुळता असतो. त्या चोचीवर वादकाचे वरचे दात टेकतात. दुसऱ्या बाजूला एक सपाट बैठक असते. तिच्यावर बोरूची पातळ पट्टी, म्हणजे रीड, धातूच्या पट्ट्याने आवळून बसवतात. हा पट्टा म्हणजे लिगेचर. जर्मन वादकांत अजूनही दोऱ्याने रीड बांधण्याची पद्धत आहे. बैठकीच्या पुढे एक लांबट खिडकी असते आणि तिच्या दोन्ही अंगांना दोन अरुंद कडा. या कडा सरळ नसतात. टोकाकडे जाताना त्या रीडपासून हलकेच दूर वळत जातात, त्यामुळे रीडचं टोक आणि माउथपीसचं टोक यांच्यात एक बारीक फट राहते.

आता फुंकर मारा. तोंडातल्या हवेचा दाब रीडला कडांकडे ढकलतो. फट मिटू लागते. आत गेलेला हवेचा धक्का नळीच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन परत येतो आणि रीडला पुन्हा उघडतो. नेहमीच्या बी-फ्लॅट क्लॅरोनेटचा सर्वांत खालचा सूर सेकंदाला सुमारे 147 कंपनांचा असतो. म्हणजे त्या सुरावर रीड सेकंदाला 147 वेळा उघडते आणि मिटते. हळू वाजवताना ती पूर्ण मिटत नाही, नुसती हेलकावत राहते. जोर वाढवला की ती कडांवर आपटून काही काळ फट पुरती बंद करते. या मिटण्यातच आवाजाचा पोत घडतो. रीड कडांच्या वळणावर हळूहळू लोळत जाऊन मिटली तर आवाज गोल येतो. एकदम फटकन बसली तर वरचे स्वरांश उसळतात आणि आवाज धारदार होतो. दोन कडांपैकी एक जरी किंचित खोल असेल तर रीड तिरकी बसते, एका कोपऱ्यातून हवा निसटते आणि वाद्य शिट्टी मारतं. त्या चिरकणाऱ्या माउथपीसचं दुखणं नेमकं हेच होतं.

फटीचं माप किती सूक्ष्म असतं ते एका उदाहरणावरून कळेल. पॅरिसच्या ऑपेरातले क्लॅरोनेटवादक युजीन व्हान डोरेन यांनी 1905 मध्ये सुरू केलेली व्हँडोरेन ही कंपनी आज जगभर रीड आणि माउथपीस पुरवते. त्यांच्या बी 45 या लोकप्रिय माउथपीसची फट 1.195 मिलिमीटर आहे. 5 आरव्ही या दुसऱ्याची 1.065. दोन्हींत फरक मिलिमीटरच्या आठव्या भागाइतका, तोही टोकाशी. पण वादकाला ही दोन वेगळी वाद्यं वाटतात. पहिल्यावर नरम रीड लागते, फुंकर सैल सोडता येते. दुसऱ्यावर थोडी कडक रीड चालते आणि सूर आटोपशीर राहतो. याहून बोलकी गोष्ट बी 40 ची. त्याची फट बी 45 इतकीच. फक्त टोकाची कड, जिच्यावर रीड येऊन मिटते, ती बी 40 मध्ये अधिक रुंद ठेवली आहे. तेवढ्यानेही आवाज घट्ट होतो.

आतही बरंच काही असतं. टोकाच्या लगेच मागे, रीडच्या समोर, आतल्या भिंतीचा जो उतार असतो त्याला मास्तर छत म्हणतात. छत रीडच्या जवळ आणलं तर आवाज उजळ आणि टोकदार होतो. ते खोलगट कोरलं तर तो सावळा, शांत होतो. छतामागच्या पोकळीच्या भिंती समांतर आहेत की वर जवळ येणाऱ्या, यानेही रंग बदलतो. आणि या सगळ्या पोकळीचं एकूण घनफळ सुरांच्या जुळणीत हात घालतं. पोकळी मोठी झाली की सूर उतरतो, पण सगळे सारखे उतरत नाहीत. बरीच भोकं उघडी असताना वाजती नळी आखूड असते आणि तिच्यात माउथपीसच्या पोकळीचा वाटा मोठा असतो. म्हणून ते सूर जास्त उतरतात. बूझी अँड हॉक्सच्या 1010 या रुंद पोटाच्या इंग्लिश क्लॅरोनेटला साधं फ्रेंच माउथपीस लावलं की सुरांची आपसातली नाती बिघडतात, ती यामुळेच. त्या वाद्याला त्याच्या पोटाशी जुळणारं, रुंद सरळ भोकाचंच माउथपीस लागतं. सेकंडहँड वाद्य एका ठिकाणाहून आणि माउथपीस दुसरीकडून, अशी जोडी आपल्या बँडमध्ये सर्रास असते. 'वाद्य बेसूर आहे' म्हणून बाजूला टाकलेल्या कितीतरी नळ्यांचा यात काही दोष नसेल असं मला वाटतं.

काचेवर घासलेला कागद

मास्तरांचं घासण्याचं काम पाहायला मी मुद्दाम एका सकाळी गेले. खिडकीजवळ एक जाड काच पसरलेली होती. तिच्यावर अगदी बारीक पॉलिश पेपर, ओला. माउथपीस बैठकीवर सपाट धरून ते दोन-तीन वेळा ओढायचे, थांबायचे, पुसायचे, डोळ्याशी धरायचे. मग मोजणी. एक लहान काचेची पट्टी, तिच्यावर अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा. ती माउथपीसच्या बैठकीवर ठेवायची आणि टोकाकडून तिच्याखाली धातूचं पातळ पान सरकवायचं. कडा बैठकीकडे येता येता जिथे काचेला भिडत जातात तिथे पान अडकतं. तिथला आकडा वाचायचा. मग थोडं जाड पान, मग आणखी जाड.

मोजायची ही पद्धत अमेरिकेतल्या एल्कहार्ट, इंडियाना इथल्या एरिक ब्रँड यांच्या नावाने ओळखली जाते. सर्वांत पातळ पान दीड हजारांश इंचाचं, म्हणजे 0.038 मिलिमीटरचं, केसाहून पातळ. ते 34 वर अडकलं तर वळण टोकापासून 17 मिलिमीटरवर सुरू होतं असा अर्थ. एल्कहार्ट हे बँडवाद्यांचं गाव आहे. सी. जी. कॉन यांनी 1875 मध्ये कॉर्नेटच्या माउथपीससाठी रबरी कडेचं पेटंट घेतलं आणि त्यातून तिथे वाद्यांचा मोठा कारखाना उभा राहिला. मास्तरांना ना एल्कहार्ट माहीत होतं ना ब्रँड. त्यांना ही काचपट्टी आणि पानं निवृत्त झालेल्या एका लष्करी बँडमास्तरांनी दिली होती आणि आकडे कसे वाचायचे तेही त्यांनीच शिकवलं होतं.

डाव्या कडेवर पान 34 वर अडकलं, उजव्या कडेवर 36 वर. मास्तरांनी उजवीकडे जरा कमी दाब देऊन दोनदा कागदावरून ओढलं, पुन्हा मोजलं. दोन्हीकडे सारखा आकडा आल्यावरच ते बोलायला लागले. "जास्त घासलं की संपलं. कमी केलेलं परत लावता येत नाही."

लाकूड, रबर, काच

क्लॅरोनेट जन्मलं ते 1700 च्या सुमारास न्यूरेंबर्गमध्ये, योहान क्रिस्टोफ डेनर यांच्या कारखान्यात. सुरुवातीची माउथपीस लाकडाची असायची. लाकूड कोरायला सोपं, पण तोंडातल्या ओलीने ते फुगतं आणि वाळताना वाकतं. ज्या कामात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाला किंमत आहे तिथे वाकणारा पदार्थ म्हणजे रोजची कटकट. रीडसुद्धा तेव्हा बहुतेक वादक वरच्या ओठाकडे ठेवत. ती खालच्या ओठावर आणण्याचा आग्रह पॅरिसच्या संगीत विद्यालयात फ्रेडरिक बेर यांनी 1830 च्या दशकात धरला, आणि खालच्या ओठाच्या मऊ गादीवर रीड आल्यावर सुरावरचा ताबा वाढला.

मग रबर आलं. चार्ल्स गुडइयर यांनी गंधकाबरोबर रबर तापवून टिकाऊ करण्याचं पेटंट 1844 मध्ये घेतलं. त्यांचे भाऊ नेल्सन यांनी 1851 मध्ये कडक रबराचं. रबरात गंधकाचं प्रमाण खूप वाढवून ते बराच वेळ तापवलं की काळा, टणक, चकाकणारा पदार्थ मिळतो. त्यालाच एबोनाइट म्हणतात. आजोबांचं जुनं फाउंटन पेन घरात असेल तर हा पदार्थ तुमच्या हाताला माहीत आहे. टोपण चोळून हुंगलं तर गंधकाचा वास येतो. वर्षानुवर्षं उजेडात राहिलं की ते हिरवट-तपकिरी पडतं. मास्तरांच्या डब्यातल्या त्या हिरवट माउथपीसना हाच रोग होता, आणि गरम पाण्याने धुतलं की तो झपाट्याने वाढतो.

एबोनाइट ओलीने फुगत नाही आणि पोलादी हत्याराखाली स्वच्छ कापलं जातं. घासताना त्याची भुकटी पडते, धारेचे टवके उडत नाहीत. कारागिराला हवी तेवढी पातळ कड त्यावर ठेवता येते आणि ती वर्षानुवर्षं तशीच राहते. स्वस्त प्लॅस्टिकचं माउथपीस साच्यात ओतून बनवतात. थंड होताना ते आकसतं, कधी बैठक मधे खोलगट होते, कधी एक कड खाली जाते. घासायला घेतलं तर कडेला तंतू सुटतात. काच कधीच वाकत नाही. ती घासायला कष्टाची, वजनाला जड, आणि हातातून पडली की गेली. इटलीत पोमारिकोसारखे कारागीर काचेची उत्तम माउथपीस करत आले आहेत.

जुन्या फ्रेंच एबोनाइटची कीर्ती तर अमेरिकेत दंतकथेच्या पातळीला पोचली आहे. शेदविल या फ्रेंच कारागीर घराण्याच्या रबराची माउथपीस अजून शोधली जातात. शिकागोच्या फ्रँक कास्पर यांनी तसल्या तुकड्यांवर आपलं काम करून घडवलेली माउथपीस नामवंत वादकांनी वापरली. तसंच रबर पुन्हा बनवायचा प्रयत्न आजचे काही कारागीर करत आहेत. त्या रबरात काही जादू आहे असं मानणारे पुष्कळ आहेत.

दातांना ऐकू येतं ते

जादूची परीक्षा शास्त्रज्ञांनी घेतली आहे. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातले जॉन बॅकस यांनी 1964 मध्ये लाकडी फुंकवाद्यांच्या भिंतींची कंपनं मोजली. भिंत थरथरते, पण तिच्यातून बाहेर पडणारा आवाज नळीतल्या हवेच्या आवाजापुढे नगण्य असतो असं त्यांना आढळलं. 1971 मध्ये जॉन कोल्टमन यांनी चांदी, तांबं आणि लाकूड अशा तीन द्रव्यांच्या, आतून सारख्या बासऱ्या घेतल्या. कोणती वाजतेय हे ऐकणाऱ्यांना सांगता आलं नाही. वजनावरून ओळखू नये अशी व्यवस्था केल्यावर खुद्द वाजवणाऱ्यांनाही नाही. आवाज हवेच्या स्तंभाचा असतो आणि हवेला फक्त आकार कळतो.

मी हे मास्तरांना सांगितलं तेव्हा ते गप्प झाले, मग म्हणाले, "पण मला तर फरक लागतो, ताई. काचेवर वाजवलं की सूर स्वच्छ लागतो."

त्यांचंही खोटं नाही. वादकाचे वरचे दात चोचीवर टेकलेले असतात. माउथपीसचं कंपन दातांतून कवटीच्या हाडात आणि तिथून थेट कानाच्या आत जातं. काच, रबर, प्लॅस्टिक हे कंपन वेगवेगळं पोचवतात. वादक जो आवाज ऐकतो त्यात दातांतून आलेला हा वाटा मिसळलेला असतो आणि समोरच्या श्रोत्याला तो कधीच मिळत नाही. चोचीवर रबराचा पातळ तुकडा चिकटवून वाजवायची पद्धत आहे. तो लावला की वादकाला स्वतःचा आवाज बदललेला वाटतो. शिवाय ज्याला आपला सूर स्वच्छ लागतोय असं वाटतं तो फुंकर निर्धास्तपणे सोडतो, ओठ कमी आवळतो, आणि मग श्रोत्यालाही काहीतरी वेगळं ऐकू येतं. द्रव्याचा परिणाम असा वादकाच्या अंगातून, वळसा घेऊन येतो.

संपादकांच्या प्रश्नाचं माझं उत्तर इथे तयार झालं. सूर आकार घडवतो. द्रव्याचं काम तो आकार नेमका कापू देण्याचं आणि टिकवून धरण्याचं, आणि वादकाच्या दातांना भरवसा देण्याचं. जुन्या फ्रेंच माउथपीसची थोरवीही मला त्यांच्या रबरापेक्षा त्यांच्या पोटातल्या कोरीवकामात दिसते.

मींडेसाठी जागा

युरोपात माउथपीस निवडताना वाद्यवृंदात इतरांशी मिसळणारा, एकसंध सूर हा निकष असतो. व्हिएन्नाचे वादक फार बारीक फट, लांब वळण आणि कडक रीड वापरतात. त्यांचा सूर घट्ट बसतो, सहजासहजी हलत नाही. आपल्या गाण्याला नेमकं उलटं लागतं. कोमल धैवतावरून पंचमावर येताना सूर घसरत यावा लागतो, तीच मींड. बोटं भोकांवरून सावकाश सरकवायची आणि त्याच वेळी खालचा ओठ सैल करत न्यायचा, असं ते दुहेरी काम आहे. फट रुंद आणि रीड नरम असेल तरच ओठाला सूर वाकवायला जागा मिळते. मास्टर इब्राहिम यांच्या क्लॅरोनेटवरच्या हिंदी चित्रपटगीतांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका ऐका. गळ्यातून निघाल्यासारख्या त्या हरकतींना मऊ, वाकणारा सूर लागतो.

रुंद फटीची किंमतही असते. हवा जास्त जाते, ओठ लवकर थकतो आणि विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. म्हणून मास्तर दोन माउथपीस बरोबर ठेवतात. मंडळाच्या मांडवापुढे उभं राहून वाजवायचं तेव्हा रुंद फटीचं, चालत्या मिरवणुकीत जरा मिटतं. त्यांच्या हाताखालच्या पोरांकडे मात्र एकेकच आहे, वाद्याबरोबर आलेलं प्लॅस्टिकचं. ती पोरं शिट्टी फुटली की ओठ अधिक आवळतात. त्याने सूर चढतो आणि आवाज आणखी पातळ होतो. मग लोक म्हणतात, बँडचं क्लॅरोनेट कर्कशच वाजायचं.

मुलाला किंवा मुलीला क्लॅरोनेट शिकवणार असाल, किंवा एखाद्या शाळेचा बँड तुमच्या हाती असेल, तर महागड्या नळीचा विचार नंतर करा. आधी वाद्याबरोबर आलेलं माउथपीस स्वच्छ काचेवर उलटं ठेवा आणि उजेडाकडे धरून बघा. बैठकीखालून प्रकाश झिरपत असेल, किंवा दोन कडा वेगवेगळ्या ठिकाणी काच सोडत असतील, तर ते जाणत्या हाताकडून घासून घ्या. तसा हात जवळपास नसेल तर चांगल्या कापलेल्या एबोनाइटच्या एका माउथपीसवर पैसे खर्च करा. आणि ते कधीही गरम पाण्याने धुऊ नका.